मोठा घास, लहान घास

माझी भाची महाप्याला एका कंपनीत रात्रपाळीला जाते. अमेरिकेतल्या लोकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या तक्रारी निस्तरायच्या, असं काम. पहिल्याच महिन्यात तिची फजिती झाली. एका बाईंना काही कागद कुरिअरने पाठवायचे होते, म्हणून त्यांनी ऑफिसचा पत्ता विचारला. पत्ता हिला तोंडपाठ. एका दमात म्हणाली, ‘ट्रान्स ठाणे क्रीक इंडस्ट्रियल एरिया, महापे.’ पलीकडून ‘सॉरी?’ पुन्हा सांगितला. पुन्हा ‘सॉरी?’ तिसऱ्यांदा तर हिने आवाजही चढवला, जणू बाईंना ऐकूच कमी येत होतं. शेवटी एकेक स्पेलिंग सांगत, ‘टी फॉर टॉम’ करत पाच मिनिटं गेली. नंतर टीएलने, म्हणजे टीम लीडरने, तिच्या शेऱ्यात तीनच अक्षरं लिहिली : एमटीआय.

एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स, मातृभाषेचा प्रभाव. या धंद्यात तो शब्द तापासारखा वापरतात. ‘तिला एमटीआय आहे.’ म्हणजे औषध द्या, उतरेल.

मला कोडं पडलं ते वेगळंच. तिच्या इंग्रजीत चूक कुठे होती? शब्द बरोबर, क्रम बरोबर, एकही तुकडा गाळलेला नाही. सुटे भाग सगळे हजर आणि गाडी मात्र चालू होत नाही. मग बिघाड आहे तरी कुठे?

हनुवटी खोटं बोलत नाही

आधी सुटे भाग मोजू. उच्चार-प्रशिक्षणात एक साधी युक्ती शिकवतात. हाताची पालथी मूठ हनुवटीखाली धरायची आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा मुठीवर टेकेल, तितके त्या शब्दाचे तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या पोटात एक स्वर असतो, आणि स्वरासाठी तोंड उघडावंच लागतं. भाषाशास्त्रात या तुकड्याला ‘अक्षर’ म्हणतात, पण आपण वहीत लिहितो तेही अक्षरच. घोटाळा नको म्हणून इथे मी त्याला ‘घास’ म्हणतो. तोंड एकदा उघडलं की एक घास.

लिहिलेली अक्षरं आणि बोललेले घास यांचा हिशेब जुळतोच असं नाही. ‘महापे’मध्ये तीन अक्षरं, तीन घास. ‘घणसोली’त अक्षरं चार, घास मात्र तीन : घण-सो-ली. ‘कोपरखैरणे’ लिहायला सहा अक्षरं लागतात, म्हणायला चारच घास : को-पर-खैर-णे. मधले ‘अ’ आपण बोलताना गिळून टाकतो आणि गिळले हे आपल्या गावीही नसतं.

इंग्रजीत हा प्रकार फारच बोकाळलेला आहे. ‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दाचं स्पेलिंग नऊ अक्षरांचं, पण हनुवटी टेकते एकदाच. ‘बिझनेस’ तर पाहण्यासारखा आहे. स्पेलिंगमध्ये मधोमध एक ‘आय’ बसलेला, पण बोलताना त्याचा पत्ता नाही : बिझ-नस, दोन घास. तो ‘आय’ गिळला नाही तर तीन घासांचा वेगळाच शब्द होतो, बिझी असण्याची अवस्था, म्हणजे व्यग्रता. मुळात दोन्ही शब्द ‘बिझी’ला ‘नेस’ लावूनच झालेले. एकाने पोटातला घास गमावला आणि तो धंद्याला लागला.

आता भाचीचा पत्ता, वर मोजून झालेलं ‘महापे’ सोडून. ट्रान्स, एक. ठा-णे, दोन. क्रीक, एक. इन-डस-ट्रि-अल, चार. ए-रि-आ, तीन. एकूण ११. तिनेही अकराच घास घेतले होते. म्हणजे बिघाड मोजणीत नाही.

सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी

बिघाड आहे घासांच्या आकारात.

आमच्या ट्रान्स हार्बर मार्गावरची गाडी ठाण्याहून सुटली की दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी सगळीकडे थांबत जाते. मराठी अशी चालते. प्रत्येक घासाला त्याचा थांबा मिळतो, ह्रस्वाला थोडा कमी, दीर्घाला थोडा जास्त, इतकाच फरक. इंग्रजी ही मध्य रेल्वेची फास्ट. ठरावीक स्टेशनं घेते, मधली नुसती खिडकीतून दिसतात. ती ठरावीक स्टेशनं म्हणजे आघात असलेले घास. तिथे आवाज जरा चढतो, स्वर लांबतो, स्पष्ट होतो. बाकीचे स्वर इतके आकसतात की सगळ्यांचा मिळून एकच पुसट आवाज उरतो, आपल्या ‘अ’सारखा.

केळ्याचा इंग्रजी शब्द घ्या. स्पेलिंगमध्ये तीनदा ‘ए’ हे अक्षर येतं. आपण म्हणतो ‘बनाना’, दोन्ही ‘ना’ भरघोस. इंग्रज म्हणतो ब-ना-न. मधला घास पोटभर आणि शेवटचा नावापुरता.

भाषांची अशी दोन गटांत वाटणी केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये मांडली. पुढे लोकांनी यंत्रं लावून सेकंदांचे तुकडे मोजले, तेव्हा ही विभागणी इतकी काटेकोर निघाली नाही. पण कानाला जो फरक जाणवतो तो काही खोटा नाही.

आता मुख्य मुद्दा. बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही. ती सोय फक्त कागदावर. कानावर येतो तो सलग प्रवाह, आणि तो कुठे तोडायचा हे ऐकणाऱ्याने ठरवायचं असतं. ‘ती नदीवर गेली’ हे कुणी ‘तीन दीवर गेली’ असं तोडलं तर बसा शोधत. अ‍ॅन कटलर आणि डेनिस नॉरिस या संशोधकांनी १९८८ मध्ये प्रयोगातून दाखवलं, की इंग्रजी कान मोठा घास आला की ‘इथे नवा शब्द सुरू’ असं धरून चालतो. कारण इंग्रजीतले बहुसंख्य नेहमीचे शब्द मोठ्या घासानेच सुरू होतात. हा कानाला लागलेला सुरा आहे, आणि तो आघातावरच पडतो.

भाचीने अकराही घास जवळपास सारखे वाढले. वर मराठी सवयीने ‘ट्री’ दीर्घ केला आणि ‘या’ ओढला. बाईंच्या कानातला सुरा भलत्याच जागी पडला, ‘ट्री’पाशी आणि ‘या’पाशी. तिथे सुरू होणारा शब्द त्यांना कुठला सापडणार? त्यांना हवे होते पाच मोठे घास : ट्रान्स, ठा, क्रीक, डस, ए. त्यातही सगळ्यांत मोठा शेवटचा ‘ए’. बाकीचे सहा तोंडातल्या तोंडात गेले असते तरी चाललं असतं.

‘यमाताराजभानसलगा’ कामाला येतं

मग मोठा घास कोणता, हे ओळखायचं कसं? इंग्रज स्वतः नियम सांगू शकत नाही, तो ऐकत वाढलेला असतो. आपल्याकडे मात्र शाळेतच एक हत्यार दिलेलं आहे, आणि त्याचा इथे उपयोग होईल असं कुणी सांगितलेलं नाही.

वृत्तं शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ घोकत लघु-गुरू लावायला शिकलो होतो. ह्रस्व स्वराचं अक्षर लघु, दीर्घ स्वराचं गुरू. आणि पुढे जोडाक्षर असेल व त्यामुळे मागच्या अक्षरावर आघात येत असेल, तर तेही गुरू. ‘आघात’ हा शब्दही व्याकरणाच्या पुस्तकातलाच. लॅटिन भाषेचं आघाताचं गणित याच लघु-गुरूवर चालायचं, आणि इंग्रजीने लॅटिनमधून शब्दांच्या राशी उचलल्या तेव्हा त्यांच्याबरोबर ते गणितही बरंचसं आलं.

नियम असा. तीन किंवा जास्त घासांचं नाम घ्या, एक घास म्हणजे एक घर. शेवटचं घर हिशेबात धरू नका. शेवटून दुसरं घर गुरू असेल, तर आघात तिथेच. ते लघु असेल, तर आघात एक घर आणखी मागे.

‘व्हरांडा’ : शेवटून दुसरं ‘रॅन’, मागे न् अडकलेला, म्हणजे गुरू. आघात त्यावर. ‘अजेंडा’ तसाच, ‘जेन’वर. ‘टोमॅटो’त मधला स्वर इंग्रजीत दीर्घ, तो गुरू, आघात मध्ये. ‘कॅनडा’त ‘न’ लघु, म्हणून मागे सरकून ‘कॅ’वर. ‘अमेरिका’त ‘रि’ लघु, आघात ‘मे’वर. ‘सिनेमा’ आपण मधला ‘ने’ ओढून म्हणतो. इंग्रजीत तो ह्रस्व, म्हणून आघात ‘सि’वर. आणि आता आमचा पत्ता : ‘एरिया’त ‘रि’ लघु, आघात ‘ए’वर. ‘इंडस्ट्रियल’ हे विशेषण, पण गणित तेच : ‘ट्रि’ लघु, आघात ‘डस’वर. याच वसाहतीतल्या ‘मिलेनियम बिझनेस पार्क’मधलं मिलेनियम : ‘नि’ लघु, आघात ‘ले’वर. भाचीला कागदावर लघु-गुरूच्या खुणा करून दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, ‘मामा, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये का नाही सांगत?’

सांगत नाहीत कारण नियमाला पळवाटा भरपूर आहेत. ‘इंडस्ट्री’ हीच पाहा. ‘डस’ गुरू असूनही आघात पहिल्या ‘इन’वर. लॅटिनमध्ये तो ‘डस’वरच होता, इंग्रजीत येता येता सरकला. ‘कॅलेंडर’ही हट्टी. पण दहातल्या सहा-सात ठिकाणी काम करणारा नियम हातात असणं हे शून्यापेक्षा किती तरी बरं. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हाले यांनी १९६८ साली इंग्रजी उच्चारांवर एक जाडजूड पुस्तक लिहून असेच नियम सूत्रबद्ध केले. त्यातलं एक निरीक्षण फोनवाल्यांच्या रोजच्या उपयोगाचं आहे. नामात शेवटचं घर सोडायचं, पण क्रियापदात ते बहुधा मोजायचं. म्हणून नाम असेल तर रे-कॉर्ड, आणि क्रियापद असेल तर रि-कॉर्ड. ‘हा कॉल रेकॉर्ड होऊ शकतो’ हे इंग्रजीत सांगताना ‘कॉर्ड’वर जोर हवा. पहिल्यावर दिला तर ऐकणाऱ्याला क्षणभर गाण्याची तबकडी आठवते.

मराठीत आघात हलवून अर्थ बदलेल अशी जोडी सापडत नाही. ते काम आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ करतात, ‘दिन’ आणि ‘दीन’सारखं. म्हणून आपला कान लांबी टिपतो आणि आघात सोडून देतो. हा ताप नव्हे. कानाला लावलेलं वेगळं वळण आहे, एवढंच.

चौकट : रबरबँडची कसरत
एक रबरबँड दोन अंगठ्यांत धरा. ‘इंडस्ट्रियल’ म्हणताना ‘डस’ला तो ताणा, बाकी घासांना सैल सोडा. मग ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफी’, ‘फोटोग्राफिक’ हे तीन शब्द ओळीने म्हणा. पहिल्यात ताण ‘फो’वर येतो, दुसऱ्यात ‘टॉ’वर, तिसऱ्यात ‘ग्रॅ’वर. तिन्ही वेळा एकाच जागी ताण येत असेल तर तुम्ही मराठीतून फोटो काढताय. आता ‘कोपरखैरणे’ म्हणून पाहा. रबरबँड कुठे ताणायचा तेच कळत नाही, आणि कुठेही ताणला तरी गाव तेच राहतं.

दोन प्रकारचे पाहुणे

चौकटीतला ताण सरकला तो शेपटांमुळे. इंग्रजी शब्दांना लागणारे प्रत्यय घरी येणाऱ्या पाहुण्यांसारखे दोन जातींचे असतात. काही येतात, कोपऱ्यात बसतात, चहा घेतात, जातात. ‘नेस’, ‘मेंट’, ‘अर’ हे त्यातले. ‘डिव्हेलप’मध्ये आघात ‘व्हे’वर, पुढे ‘मेंट’ आला तरी तो तिथेच. (आपल्यापैकी बहुतेक जण ‘डे’वर जोर देतात. मीही चाळिशीपर्यंत देत होतो.) दुसऱ्या जातीचे पाहुणे आल्या आल्या सोफा हलवतात. ‘इक’, ‘इटी’, ‘शन’ हे ते. त्यांना आघात आपल्या अगदी शेजारी, लगेच आधीच्या घासावर लागतो. इ-लेक-ट्रिकमध्ये आघात ‘लेक’वर, ‘इटी’ लागली की इ-लेक-ट्रि-सि-टी, आघात ‘ट्रि’वर. महाप्याच्या या वसाहतीत ‘इलेक्ट्रॉनिक झोन’ आहे, तिथल्या भूखंडांचे क्रमांक ‘ईएल’ने सुरू होतात. त्या इलेक्ट्रॉनिकमध्ये ‘इक’ने आघात ‘ट्रॉ’वर ओढून घेतला आहे. आपल्याकडेही असे पाहुणे आहेत, फक्त ते सोफा न हलवता त्याचा पाय कापतात. ‘फूल’ला ‘ला’ लागला की ‘फुलाला’, दीर्घ ऊचा ऱ्हस्व उ.

मीठ, आगर, मिठागर

आता शब्दाला शब्द जोडून होणारे लांब शब्द, म्हणजे आपले समास.

महापे हे मूळचं आगरी गाव. आगर म्हणजे खाडीकाठी मीठ पिकवायची जागा, आणि आगरी हे नावही लोक त्या आगराशीच जोडतात. मीठ अधिक आगर म्हणजे मिठागर. जोडताना काय झालं पाहा : ‘मी’चा ‘मि’ झाला. पाणी अधिक पोई, पाणपोई : शेवटची ‘ई’ छाटली. घोडा अधिक दौड, घोडदौड. मराठी सुतार लाकूड जोडताना कड तासतो. सांधा हाताला लागतो, डोळ्यालाही दिसतो.

इंग्रजी सुतार काहीच तासत नाही. ‘ग्रीन’ आणि ‘हाऊस’ शेजारी ठेवतो, झालं. मग तो रोपं वाढवायचा काचेचा मांडव आहे, की हिरवा रंग दिलेलं घर? हे फक्त आघात सांगतो. पहिल्या शब्दावर जोर असेल तर समास, म्हणजे मांडव. दुसऱ्यावर जोर असेल तर विशेषण आणि नाम सुटे, म्हणजे हिरवं घर. याहून गमतीचं उदाहरण ‘इंग्लिश टीचर’. जोर ‘इंग्लिश’वर असेल तर इंग्रजी विषय शिकवणारे सर. जोर ‘टीचर’वर असेल तर जन्माने इंग्रज असलेले सर, मग ते भूगोल का शिकवेनात. आपण ‘इंग्रजीचे सर’ आणि ‘इंग्रज सर’ असे वेगळे शब्द वापरून मोकळे होतो. त्यांचा सांधा दिसत नाही, ऐकावा लागतो.

म्हणून ‘कॉल सेंटर’मध्ये जोर कॉलवर, ‘बिझनेस पार्क’मध्ये बिझनेसवर. ‘इंडस्ट्रियल एरिया’त मात्र इंडस्ट्रियल हे साधं विशेषण, म्हणून जोर एरियावर. रस्त्यांच्या नावांत तर निव्वळ लहर आहे. ‘स्ट्रीट’ असेल तर जोर आधीच्या शब्दावर, ऑक्सफर्ड स्ट्रीट. ‘रोड’ असेल तर रोडवरच. म्हणजे आपल्या ठाणे-बेलापूर रोडचा सगळ्यांत मोठा घास ‘रोड’. याला कारण विचारू नये.

कोण कुणाच्या पलीकडे

पत्ता पुन्हा एकदा, या वेळी डब्यातले डबे उघडावेत तसा. सगळ्यांत आत ‘ठाणे क्रीक’, ठाण्याची खाडी, तत्पुरुष. (अमेरिकन बाईंना ‘क्रीक’ म्हटल्यावर ओढा डोळ्यांसमोर आला असणार, कारण तिकडे छोट्या प्रवाहाला क्रीक म्हणतात, खाडी हा ब्रिटिश अर्थ. आणि ‘ठाणे’चं स्पेलिंग नुसतं वाचून दाखवलं तर एका घासाचा ‘थेन’ होतो. शेक्सपिअरचा मॅकबेथ अशा ‘थेन’ पदावरचाच सरदार होता.) त्या डब्याला बाहेरून ‘ट्रान्स’ : लॅटिनमध्ये पलीकडे. मग ‘इंडस्ट्रियल एरिया’, आपला कर्मधारय. मराठी तत्पुरुषासारखाच इंग्रजीतही यजमान शेवटी बसतो, पाहुणे पुढे. म्हणून असा लांब शब्द उलगडायचा असेल तर उजवीकडून सुरुवात करावी : क्षेत्र, कसलं? औद्योगिक. कुठलं? खाडीपलीकडचं. कुठल्या खाडीच्या? ठाण्याच्या.

‘पलीकडचं’ म्हणजे कुणाच्या, हे नावात लिहिलेलं नाही. ते मुंबईत उभं राहून दिलेलं नाव आहे. रेल्वेचा ‘ट्रान्स हार्बर’ही तसाच, आणि १२ जानेवारी २०२४ ला ज्याचं उद्घाटन झालं तो अटल सेतूही आधी ‘मुंबई ट्रान्स हार्बर लिंक’ म्हणूनच ओळखला जायचा. महाप्याच्या माणसाला विचाराल तर पलीकडे आहे ती मुंबई.

सुट्या शब्दांच्या पोटातही डबे आहेत. ‘मिलेनियम’ म्हणजे लॅटिन ‘मिल्ले’, हजार, अधिक ‘आन्नुस’, वर्ष, आपलं सहस्रक. स्पेलिंगमध्ये ‘एल’ही दोन आणि ‘एन’ही दोन, कारण दोन्ही आजोबांनी आपापली जोडी सोडली नाही. पाट्यांवर मात्र एक ‘एन’ बऱ्याचदा बेपत्ता असतो. ‘इंडस्ट्री’चा मूळ अर्थ मेहनत, कष्टाळूपणा. आपला ‘उद्योगी माणूस’ आणि ‘उद्योगधंदे’ याच वाटेने गेले. आणि ‘एरिया’ लॅटिनमध्ये होता मोकळ्या सपाट जागेसाठी, त्यातही धान्य झोडपायच्या जागेसाठी. म्हणजे चक्क खळं.

इतका डौलदार पत्ता, पण तो पुरा म्हणतं कोण? कुरिअरवाले ‘टीटीसी’ लिहितात, बाकी सगळे ‘एमआयडीसी’ म्हणतात. अशा आद्याक्षरी नावांना इंग्रजीत एकच नियम, आणि त्याला पळवाट जवळजवळ नाही : मोठा घास शेवटच्या अक्षराचा. टी-टी-सी. एम-आय-डी-सी. भाचीला हा नियम सांगायचा राहून गेला होता. परवा तिला सोडायला गेलो, तर घणसोली स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला एक पाय बाहेर टाकून सीट भरायला ओरडत होता, ‘महापे, महापे, एमबीपीऽऽ!’ मिलेनियम बिझनेस पार्कची आद्याक्षरं. ताण पुरता ‘पी’वर. भाची माझ्याकडे बघून हसली आणि तिसरी सीट पकडून निघून गेली.